जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी, सेल्फ अन् वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं १२ व्होल्टच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरबद्दल आहे, म्हणजे ज्याचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे अन् डॅशबोर्डवर कॉम्प्युटर वगैरे काही नाही. महिंद्रा, मॅसी, स्वराज, आयशर, एचएमटी, फोर्ड, कोणताही असो, लाल-निळ्या रंगाचा फरक सोडला तर आतली गोष्ट बहुतेक सारखीच असते. प्रश्न आपल्याकडची माणसं विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तर वाचायच्या आधी एक काम करा, एक साधा डिजिटल मल्टिमीटर अन् एक टेस्ट लॅम्प (होल्डरमधला १२ व्होल्टचा बल्ब अन् दोन वायरा, झालं) घेऊन ठेवा. एका वेळी टायर पंक्चर काढायला जेवढे जातात त्याच्या आसपास मीटर येते, अन् त्याच्याशिवाय बॅटरीचा प्रश्न सोडवणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

किल्ली फिरवली की नुसता "टक्" आवाज येते, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरतच नाही. बॅटरी गेली का भाऊ?

असन बी अन् नसन बी. हाच प्रश्न सगळ्यात जास्त येते अन् याच प्रश्नावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. माझेच गेले. मृगाचा पहिला पाऊस पडला, सोयाबीन पेरायची घाई, सकाळी सहाला वावरात गेलो अन् किल्ली फिरवली तर टक्. दुकानदार म्हणे बॅटरी संपली, घेतली नवी, लावली, पुन्हा टक्. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने येऊन पाना लावला अन् बॅटरीपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून दाखवली. मागच्या दसऱ्याला आम्ही ट्रॅक्टरला हौसेनं रंग मारला होता, तो रंग त्या पट्टीखाली बसलेला. पाच मिनिटं पॉलिश पेपरने घासलं अन् ट्रॅक्टर चालू. जुनी बॅटरी तोवर दुकानात बदल्यात देऊन झाली होती.

म्हणून आधी आवाज ऐका. एकच टक् आला अन् मग शांतता असेल तर हेडलाईट लावून किल्ली फिरवा. लाईट अगदी मंद झाले किंवा विझले तर बॅटरी नाहीतर कुठला तरी जोड कमजोर आहे. लाईट जसेच्या तसे राहिले तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही, मग सोलेनॉइडचे (सेल्फवरचा मोठा स्विच, किल्ली फिरवली की तोच सेल्फला करंट देते) आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन ब्रश. टकटकटक असा भराभर आवाज आला तर शंभरातल्या नव्वद वेळा बॅटरी डाउन किंवा टर्मिनल सैल. अन् आवाजच नाही आला तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर, किल्लीचा स्विच, किंवा गिअर न्यूट्रल नसताना सेल्फ न लागू देणारा सेफ्टी स्विच बघा. हा स्विच ज्या ट्रॅक्टरला आहे त्याला गिअर लिव्हर जरा हलवून पुन्हा मारून बघायचं, पुष्कळ वेळा एवढंच असते.

बॅटरी चांगली की खराब हे घरी कसं ओळखायचं?

ट्रॅक्टर बंद ठेवून काही तास झाले की मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा अन् दोन्ही टर्मिनलवर लावा. १२.६ च्या आसपास आलं तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी व्हायला आली. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कारण मेलेली बॅटरी पण बसल्या बसल्या १२.५ दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर पाहायचं. (इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून ठेवा.) ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरी कमजोर, नाहीतर सेल्फच फार करंट ओढून राहिला. बॅटरी १०-११ व्होल्टवर टिकून आहे पण सेल्फ मरगळल्यासारखा फिरते, तर दोष बॅटरीत नाही, पुढे वायरीत किंवा सेल्फमध्ये आहे.

वरच्या बुचातून पाणी तपासा. प्लेटांच्या वर बोटाच्या नखाएवढं, म्हणजे १०-१२ मिलिमीटर, पाणी पाहिजे. कमी असेल तर डिस्टिल वॉटरच टाकायचं, ऍसिड नाही, अन् बोअरचं पाणी तर मुळीच नाही, आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं प्लेटा लवकर खराब होतात. हायड्रोमीटर (ऍसिडची घनता मोजायची काचेची नळी) मिळाला तर सहाही घरं तपासा. भरलेल्या बॅटरीचं घर साधारण १.२४ ते १.२८ च्या दरम्यान दाखवते, आकड्यापेक्षा घराघरातला फरक महत्त्वाचा. पाच घरं सारखी अन् एक एकदम खाली असेल तर ती बॅटरी दुरुस्त होत नाही, कितीही चार्ज करा.

अन् एक, बॅटरीजवळ बिडी ओढायची नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघते, ठिणगीनं फुटते, अन् ऍसिड तोंडावर उडते. हसण्यावारी नेऊ नका.

अर्थिंग अर्थिंग म्हणता, पण ते तपासायचं कसं?

डोळ्यांनी नाही, मीटरने. मीटरची एक सुई थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवर), दुसरी सेल्फच्या लोखंडी बॉडीवर, अन् साथीदाराला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्ट आले तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मधे कुठं तरी गंज, रंग, सैल नट किंवा आतून तुटलेली पट्टी आहे. तसंच पॉझिटिव्हचं, एक सुई खुंटीवर, एक सेल्फच्या जाड वायरच्या नटवर. सेल्फ मारताना दोनशे-तीनशे अँपिअर जातात, त्यात एक गंजलेला नट पण केवढा अडथळा करते ते आकड्यात दिसते.

मीटर नसेल तर जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला अन् दुसरं थेट इंजिनच्या एखाद्या साफ बोल्टला. ताड्कन फिरला तर अर्थिंगच होतं.

साफ करायचं म्हणजे दोन्ही टोकं खोला, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) अन् चेसिस दोन्ही चकचकीत लोखंड दिसेस्तोवर घासा, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. ग्रीस आधी लावून मग आवळू नका. बॅटरी खोलताना नेहमी आधी अर्थ काढायचा अन् लावताना अर्थ शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोडा टाकलेल्या कोमट पाण्यानं निघते, फक्त ते पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका.

किल्लीनं नाही लागत, पण पेचकस लावून सोलेनॉइडवर शॉर्ट केलं की लागते. असंच चालवू का?

नका चालवू. हे मी मुद्दाम कडक शब्दात सांगतो कारण गावोगाव हेच चालू आहे. पेचकसानं लावलं म्हणजे सेफ्टी स्विच बायपास झाला, अन् तुम्ही उभे कुठं आहात, तर मागच्या मोठ्या चाकाच्या पुढं. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन लागता क्षणीच तो पुढं निघते अन् माणूस चाकाखाली. असे अपघात होतात, दरवर्षी कुठं ना कुठं ऐकायला येते.

तपासण्यापुरतं करायचं असेल तर गिअर न्यूट्रल, पीटीओ (मागचा अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद, हँडब्रेक, चाकाला दगड, स्टॉपचा दांडा ओढलेला, अन् चाकाच्या समोर न राहता बाजूनं. पेचकसानं सेल्फ फिरला म्हणजे बॅटरी अन् सेल्फ बरे आहेत, किल्लीच्या बाजूचं सर्किट खराब आहे. सोलेनॉइडच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावा अन् किल्ली फिरवा. लॅम्प मंद पेटला तर किल्लीचा स्विच झिजला, नाहीच पेटला तर वायर, फ्यूज नाहीतर सेफ्टी स्विच. किल्लीचा स्विच फार महाग येत नाही, अन् मधे एक रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला तर नवा स्विच पण जास्त दिवस टिकते.

सेल्फ घर्र करून नुसता फिरते, इंजिन काही हलत नाही.

हा विजेचा दोष नाहीच. सेल्फचा दातऱ्याचा गिअर पुढं जाऊन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये बसत नाही, किंवा त्याचा आतला क्लच घसरते. धूळ अन् जुनं ग्रीस जाम झालं असेल तर सेल्फ उतरवून साफ करून बघा. दर दोन-तीन वेळेला एखाद्या वेळीच अडत असेल तर रिंगचे दात एका जागी झिजले असणार. मिस्त्रीकडेच न्या.

चार्जिंग होते की नाही हे कसं कळन? डायनामो अन् अल्टरनेटरमध्ये फरक काय?

ट्रॅक्टर चालू करा, थोडं रेस ठेवा, बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं तर चार्जिंग चांगलं. १२.५ च्या आसपासच अडकलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जाते तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) मेला, बॅटरीचं पाणी उकळून उडते अन् बल्ब भराभर फ्यूज होतात. ज्यांचं "दर आठवड्याला पाणी टाकावं लागते" असं म्हणणं असते त्यांनी हेच आधी बघावं.

बेल्ट बघायला विसरू नका. दोन पुलीच्या मधात अंगठ्यानं दाबला तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा लवायला पाहिजे. त्याहून सैल असेल तर लोड आला की घसरते, किंचाळते. कापसाच्या धुळीत अन् तेलात बेल्ट चकाकायला लागला तर बदला.

दोन्ही इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतात. लांबट नळकांड्यासारखा असेल तर डायनामो, आखूड अन् गोलमटोल, फटीतून तांब्याच्या तारा दिसतात तो अल्टरनेटर. डायनामोची मोठी खोड म्हणजे स्लो रेसला तो जवळजवळ काहीच देत नाही. जिनिंगच्या रांगेत रात्रभर हेडलाईट लावून इंजिन आयडलवर ठेवलं की सकाळी बॅटरी रिकामी, अन् मालक म्हणते डायनामो खराब. डायनामो बरोबर होता बाप्पा, तुम्ही त्याच्याकडून नको ते मागत होते.

डायनामो तपासायचा असेल तर त्याच्या दोन्ही वायरा (डी अन् एफ) काढा, त्या दोन खुंट्या एका छोट्या तारेनं जोडा, मीटर त्या तारेला अन् बॉडीला, अन् इंजिन स्लो ठेवून हळूहळू थोडीशी रेस वाढवा. आकडा सहज १५-२० कडे चढत गेला तर डायनामो बरा अन् कट-आउट बॉक्समध्ये (डायनामोचा रेग्युलेटर असलेला डबा) दोष. रेस फार वाढवायची नाही, असा उघडा डायनामो जळते. आकडा हललाच नाही तर आधी कार्बन ब्रश. झिजून आखूड झालेले किंवा धुळीनं अडकलेले असतात.

अल्टरनेटरच्या बाबतीत एक गंमत सांगतो. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल बल्ब फ्यूज झाला तर पुष्कळ ट्रॅक्टरवर अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करत नाही, कारण त्याला जागं करायचा पहिला करंट त्या बल्बातूनच जाते. पाच-दहा रुपयांच्या बल्बासाठी अख्खा अल्टरनेटर बदललेला मी पाहिला. किल्ली ऑन केली (इंजिन बंद) तर तो बल्ब पेटलाच पाहिजे, चालू झाल्यावर विझला पाहिजे.

अन् अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग आहे का" पाहायची जुनी पद्धत सोडून द्या. डायनामोवर ती चालून जायची, अल्टरनेटरच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) उडतात.

रात्री चांगली होती, सकाळी बॅटरी डाउन. कोण खाते करंट?

संध्याकाळी अर्थची वायर काढून ठेवा. सकाळी बॅटरी तशीच ताजी राहिली तर ट्रॅक्टरमध्ये कुठं तरी गळती आहे. तरी उतरलीच तर बॅटरीच आतून गेली.

गळती शोधायला मीटर १० अँपिअरवर ठेवा, लाल सुई १० ए च्या भोकात, अन् निगेटिव्ह खुंटी आणि काढलेल्या अर्थच्या वायरीच्या मधात जोडा. किल्ली बंद, सगळे स्विच बंद. जुन्या ट्रॅक्टरला शून्याच्या जवळच यायला पाहिजे, म्युझिक सिस्टीम लावली असेल तर थोडंसं, ०.०५ अँपिअरपर्यंत चालते. अर्धा-एक अँपिअर दिसला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला काढल्यावर आकडा पडला ते सर्किट. कोणत्याच फ्यूजनं पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा, डायोड गळत असतील. (सकाळी थंड ट्रॅक्टरचा अल्टरनेटर हाताला कोमट लागला तरी तेच.) मीटर असा लावून चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळन.

फ्यूज वारंवार उडते. सिगारेटची चांदी गुंडाळली तर चालते का?

चालते, ट्रॅक्टर जळेस्तोवर. कोठ्यात कडबा अन् वर कुटार, तिथं उभा ट्रॅक्टर, त्यात शॉर्ट झाला तर काय होईल ते तुम्हीच समजा. फ्यूज उडते म्हणजे वायर कुठं तरी बॉडीला लागून राहिली. त्या फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेस्तोवर लॅम्प फुल पेटते. मग वायरिंग एकेका जागी हलवत जा, स्टिअरिंगखाली, फेंडरच्या कडेला, हेडलाईटमागं, सायलेन्सरजवळ. जिथं हलवल्यावर लॅम्प विझला किंवा मंद झाला तिथंच घासलेली वायर आहे.

उंदरांनी वायरी कुरतडल्या. पुन्हा पुन्हा होते, काही उपाय?

सोयाबीन, तूर काढून कोठ्यात ठेवली की उंदीर येणारच, अन् बॉनेटखाली त्यांना ऊब मिळते. टेप गुंडाळून जोड देऊ नका, आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात काळ्या टेपचा गोंद वितळून टेप सुटते. तुटलेल्या दोन्ही टोकांना नवी वायर जोडून सोल्डर किंवा क्रिम्प करा, वरून हीट श्रिंक नळी, अन् सगळं नालीदार प्लॅस्टिकच्या पाइपात. हेडलाईटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, घरातल्या बल्बची बारीक वायर नाही. तंबाखूचं पाणी, मिरची, डांबरगोळी लोक लावतात, चार दिवस फरक पडते. ट्रॅक्टर धान्याच्या कोठ्यातून बाहेर काढणं हाच टिकाऊ उपाय, अन् एखादी मांजर.

हेडलाईट पिवळे पडले. एलईडी बार अन् डेक लावला तेव्हापासून बॅटरी पण टिकत नाही.

साधा हिशेब करा. ५५ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे ११० वॅट, भागिले १२, साधारण ९ अँपिअर. मागचा नांगरणीचा ३५ वॅटचा दिवा तीन अँपिअर. टेल लाईट, मीटरचे बल्ब आणखी एक-दीड. त्यावर मोठा अँप्लिफायर अन् डेक चालू केला की जुन्या डायनामोच्या हातात काही उरत नाही. एलईडी उलट कमी ओढते, म्हणून हॅलोजन काढून चांगला एलईडी टाकला तर फायदाच आहे, पण लोक हॅलोजन ठेवून वरून एलईडी लावतात. रस्त्यावर वर तोंड केलेला बार लावून समोरच्याला आंधळा करू नका एवढीच विनंती.

पिवळ्या लाईटचं कारण मात्र बहुतेक वेळा व्होल्टेज वाटेतच हरवणं. बल्बच्या मागं मीटर लावा, बॅटरीवर १२.६ अन् तिथं १०.५ असेल तर स्विच अन् वायर खाऊन राहिले. रिले टाका, बल्बचा अर्थ नवा द्या.

ट्रॉली जोडली की ब्रेक लाईट दाबला तर इंडिकेटर पेटते, सगळंच गोंधळते.

ट्रॉलीचा अर्थ हुकच्या पिनमधून जाते अन् ती पिन गंजलेली, ग्रीसनं भरलेली. करंटला घरी जायचा रस्ता सापडत नाही म्हणून दुसऱ्या बल्बातून उलटा जाते. ट्रॉलीला वेगळी अर्थची वायर सॉकेटमधून द्या, काम संपलं. इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लपलप करत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेला. अन् लाईट काही असो, कापसाच्या ट्रॉलीला मागून रेडियम पट्टी लावाच.

बॅटरी अजिबात नसेल तर ट्रॅक्टर चालन का?

धक्का मारून किंवा उतारावरून लागला तर चालन, डिझेल पेटायला करंट लागत नाही. म्हणून तर पेरणीच्या दिवसात लोक रोज सकाळी उतारावर उभा करतात. पण अल्टरनेटरवाला ट्रॅक्टर बॅटरीशिवाय चालवू नका, डायोडचं वर सांगितलंच. लावायचाच तर बेल्ट काढा, फक्त वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापन, ते आधी बघा.

दुसऱ्या गाडीवरून जंपर कसा द्यायचा?

लाल वायर चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून डाउन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रम. ट्रक २४ व्होल्टचा असते, त्यावरून थेट द्यायचा नाही. अन् फार जुना विलायती ट्रॅक्टर असेल तर त्यावर पॉझिटिव्ह अर्थ असू शकते, म्हणजे बॉडीला निगेटिव्ह नाही पॉझिटिव्ह जोडलेलं. चेसिसला जाणारी वायर कोणत्या खुंटीवरून येते ते डोळ्यांनी पाहूनच जोडा.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं आहे, काही काढावं लागते का?

दोन्ही बॅटरी वायरा काढा, अल्टरनेटरची जाड वायर पण. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथं वेल्ड करता त्याच्या शेजारीच, नाहीतर करंट बेअरिंगातून नाहीतर वायरिंगमधून जाते.

उन्हाळ्यात दोन महिने ट्रॅक्टर उभाच राहते, बॅटरीचं काय करू?

अर्थ काढून ठेवा, सावलीत ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. उन्हानं पाणी लवकर आटते म्हणून पंधरा दिवसांनी बूच खोलून बघा. रिकामी बॅटरी तशीच पडू दिली तर प्लेटांवर कडक पांढरा थर बसते अन् मग ती चार्ज घेत नाही.

डिझेलचा काटा कायम फुल दाखवते.

टाकीवरच्या सेंडरची (डिझेलची पातळी मोजणारा भाग) वायर काढा अन् किल्ली ऑन करून ती बॉडीला टेकवा. काटा हलला तर मीटर बरा, सेंडर नाहीतर टाकीचा अर्थ खराब. नाही हलला तर मीटर किंवा मधली वायर. तोवर काडी टाकून बघा, आजोबा तेच करायचे.